ससोबाची नखं

माझ्या दोन्ही सुनांचा तीन वर्षं अबोला आहे. पण सशाची नखं कापायला दोघी लागतात. थोरली त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरते, धाकटी नखामागे टॉर्च लावून लाल शीर बघते आणि तिच्या अलीकडे कापते.

"ससोबा, काहींना धड पाय धरताही येत नाहीत," धाकटी.

"ससोबा, काहींची कात्रीपेक्षा जीभच जास्त चालते," थोरली.

आज कात्री निसटली. पांढऱ्या पंजावर रक्त बघून धाकटीचा चेहरा उतरला. तिने घाईघाईने पंजावर कापूस दाबला.

थोरलीला राहवलं नाही. "अगं, त्याचं नाही, माझं बोट कापलंय. फार नाही लागलं."

मी मनातल्या मनात हात जोडले.

 

धाकटीने सुस्कारा सोडला. "वाचलास रे ससोबा. दे दुसरा पाय."