उणे अठरा

विंचूरच्या शीतगृहात द्राक्षं गोठली आणि ऑपरेटर गोटीरामची नोकरी गेली. “मी तापमानाला हात लावला नाय,” तो सांगत राहिला. तिथलं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीत ते सांभाळणाऱ्या शुभांगीने ‘ऑपरेटरची चूक’ अशा अहवालावर सही केली, कारण तिला काम शिकवणारे कुंदनसर तसं म्हणाले. सहा महिन्यांनी तिला खरा दोष सापडला: अपडेट आलं की गिऱ्हाईकाने ठरवलेलं तापमान जाऊन कंपनीचं डिफॉल्ट, उणे अठरा, बसायचं. जुन्या नोंदींत दिसलं, सरांना हे द्राक्षं गोठली त्याच आठवड्यात कळलं होतं. “सर, तुम्हाला माहीत होतं?” “सही तुझी आहे,” सर म्हणाले. तिने दोष दुरुस्त केला, शीतगृहाच्या मालकाला सगळं कळवलं आणि गोटीरामला फोन लावला. “काका, चूक आमची होती.” तो म्हणाला, “ताई, हे माझ्या बायकोला सांगा. तिलाबी मी खोटाच वाटलो.”