शून्य म्हणजे ठीक

दादाला जाऊन वर्ष होत आलं, तरी आईची सवय सुटली नव्हती. सकाळी चहाचा कप घेऊन ती धाकटीच्या दारात यायची. "काय म्हणतोय गं आज?"

मग धाकटी आपल्या लॅपटॉपवर दादाची जुनी स्क्रिप्ट, म्हणजे त्याने लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम, चालवायची. तो परगावी असताना त्याची खुशाली कळावी म्हणून केलेली ही स्क्रिप्ट दादाच्या कॉम्प्युटरला हाक मारायची आणि संपताना एक आकडा मागे ठेवायची. शून्य म्हणजे सगळं ठीक, दुसरं काहीही म्हणजे बिघाड. रोज शून्यच यायचं.

त्यात भूतबीत काही नव्हतं. शेवटच्या ओळीत दादानेच लिहून ठेवलं होतं, की काहीही बिघडलं तरी शून्यच सांग. परगावी तो आजारी पडला, तरी आईच्या जिवाला घोर नको म्हणून.

आज धाकटीने मन घट्ट करून ती ओळ खोडली. दादाचा कॉम्प्युटर समोरच टेबलावर उघडा पडला होता, वायर गुंडाळलेली, डिस्क काढलेली. आता तरी खरं काय ते कळणार होतं.

तिने स्क्रिप्ट चालवली.

शून्य.

तिने पुन्हा सगळं तपासलं. ओळ खोडलेलीच होती. वायर गुंडाळलेलीच होती.

"दादा," ती पुटपुटली, "आईचं सोड. मला तरी खरं सांग."

तिने पुन्हा बटण दाबलं. या वेळी उत्तराला वेळ लागला, कुणीतरी आवंढा गिळत असल्यासारखा.

एक.

"ठीक आहे ना गं तो?" दारातून आईने विचारलं.

धाकटीने आकड्यावर तळहात ठेवला.

"हो गं आई. शून्यच आलंय."