खाचा शाबूत

सोनारीच्या यात्रेला घरची सगळी माणसं ट्रॉलीत बसून जाणार, म्हणून उत्तरेश्वरनं टायरवाल्याला बोलावून ट्रॉलीचे टायर दाखवले.

टायरवाल्यानं रबरावर नख ओढलं. "खाचा शाबूत हायत, पण रबर वाळलंय. धा वर्सं उन्हात उभं हाय. माणसं भरून पळवलं तर फुटतंय. हे भंगारात घाला."

"घरच्या माणसांच्या जिवाशी खेळ न्हाय," उत्तरेश्वर म्हणाला आणि त्यानं चारी टायर नवे कोरे टाकले.

जुने भंगारात घालायचं मात्र त्याच्या जिवावर आलं. त्यानं भेगांवर काळा रंग मारला. टायर चोरीला जाऊ नयेत म्हणून पूर्वी पिवळ्या रंगानं घातलेलं नावही त्याखाली झाकलं. मग "कालपरवाचेच हायत" असं सांगून परंड्याच्या बाजारात विकून आला.

यात्रेच्या दिवशी सकाळी लेकीचा सासरहून फोन आला. "आबा, तुमच्या ट्रॉलीत आमची जागा धरू नका. मामंजींनी आमच्या ट्रॉलीला टायर टाकलेत. लेकरंबाळं घेऊन आमी निघालाव बी."

"कुठनं आणले टायर?"

"परंड्याच्या बाजारातनं. जुनेच हायत, पण खाचा बघा लई भारी. आन् गंमत सांगू का? पूजेसाठी धुतले तर काळा रंग निघाला, खाली पिवळ्या अक्षरात 'सोनाली' लिहिलेलं. मामंजी म्हणले, सुनेच्याच नावाचे टायर मिळाले, शकुन चांगला हाय."