तोंड किती उघडायचं

"सकाळपासून आ, ऑ, ॲ चाललंय. दाढ दुखतीय का हिची?" सारजाबाई चुलीपुढं पुटपुटली.

लेक इंदुमती आरशासमोर बसलेली, मांडीवर जुन्या बाजारातली इंग्रजी डिक्शनरी. त्यात शब्दापुढं उच्चाराच्या खुणा होत्या. दोन टिंबं म्हणजे स्वर लांबवायचा, उलटा छापलेला इंग्रजी e म्हणजे तोंड सैल सोडायचं. खूण बघायची, शब्द म्हणायचा आणि तोंड तेवढंच उघडलं का ते आरशात ताडायचं. महिनाभर हेच. वाळूजच्या नव्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटरची एकच जागा निघाली होती.

मुलाखतीत तिनं इंग्रजी उतारा वाचला. एक स्वर चुकला नाही.

"फार छान, मिस पाचोडकर," मोठे साहेब म्हणाले. मग पेन खाली ठेवून ते मराठीत आले. "पाचोडकर हे गावावरनं झालं. मूळ आडनाव काय?"

"हेच आहे, सर."

"बरं, पाचोडला घर कुठल्या अंगाला? गावात, की जरा बाहेर?"

"बाहेर."

"अस्सं. घरात देव कोणता?"

बाकीचे दोघं साहेब फायलीत डोकं घालून बसले. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. शहरात सगळे तोच विचार करत आणि चारचौघांत तो शब्द तेवढा गिळत.

तिला आरसा आठवला. तिनं तोंड पुरतं उघडलं.



"जात विचारायचीय ना, सर? बौद्ध आहे मी. आता टेलिफोनचं काही विचारा."