यमुना ओलांडणारा पहिला माणूस

दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी आजोबा घराण्याचा इतिहास सांगत होते आणि मी लॅपटॉपवर टाइप करत होतो.

"लिही. १९९१ साली मयूर विहार सोडून, यमुना ओलांडून, पश्चिमेला थेट जनकपुरीत पाऊल ठेवणारा आमच्या घराण्यातला पहिला माणूस म्हणजे मी, गुलाबराव. तेव्हा तिथे नुसतं जंगल होतं. रात्री कोल्हे ओरडायचे."

"कोल्हे कसले? खालच्या मजल्यावरचे चोप्रा गायचे!" स्वयंपाकघरातून आजी कडाडली.

"इंदू, मध्ये बोलू नकोस. तुला काय माहीत?"

कणकेच्या हातांनीच आजी बाहेर आली. "मला काय माहीत? बदली माझी झाली होती. चार महिने मी एकटी राहत होते तिथे. गॅस मी घेतला, पाण्याच्या टँकरवाल्याशी मी भांडले. तुम्ही आलात ते मळक्या कपड्यांची बॅग घेऊन, आणि तेही ऑटोने!"

आजोबा खाकरून मला म्हणाले, "पुढे लिही. सुरुवातीला तिथल्या स्थानिकांनी तीव्र विरोध केला."

"त्यातलं 'सुरुवातीला' काढ," आजी म्हणाली.