काचेतली मेंढरं

अर्जुनानं आईला एका शब्दानं विचारलं नाही, हेच हरणाबाईला सलत होतं. उन्हापासून वीज करणाऱ्या साहेबांना त्यानं चराऊ माळ देऊन टाकला, सगळी मेंढरं विट्याच्या बाजारात विकली. कळपाच्या पुढं चालणारी म्होरकी मेंढी कुणी विकत नाही. यानं तीही विकली. वर त्याच माळावर काचा पुसायची नोकरी धरली. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरामागं चाललेल्या घरातलं पोर, आणि हातात फडकं!

त्या वर्षीच्या चैत्रात, भर दुपारी, ती त्याची भाकरी घेऊन माळावर गेली. कलत्या काचांच्या रांगा आभाळाकडं तोंड करून उभ्या होत्या. अर्जुना एक काच पुसत होता.

"जेवा आता, साहेब," ती फणकारली.

तेवढ्यात तिला काचेत मेंढरं दिसली. तिनं मागं वळून पाहिलं. माळावर चिटपाखरू नव्हतं. काचेत मात्र कळप चालला होता, पुढं ती म्होरकी, मागं खांद्यावर घोंगडं टाकलेला एक गडी. चालायची ढब अर्जुनाची.

तिचं स्वतःचं तोंडही काचेत दिसत होतं. शेजारी उभ्या लेकाचं दिसत नव्हतं.

"अर्जुना!" तिनं हाक मारली.

शेजारचा फडकं फिरवतच राहिला. काचेतल्यानं मान वळवली. तिच्याकडं डोळे भरून पाहिलं आणि मेंढरं हाकत तो लांब लांब गेला. तिच्या पुढच्या हाका त्याला पोचल्या नाहीत.

हरणाबाईनं भाकरी शेजारच्याच्या पुढ्यात ठेवली.

"खा," ती म्हणाली. "पर मला आये म्हनू नगंस. माझा ल्योक गेला."