कपावरचा फोटो

आईला एक कप हवा होता, आमच्या सगळ्या घराचा फोटो छापलेला. मी फोटोग्राफर, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. मी चार साइट पालथ्या घातल्या. एकीवर फोटो सुरेख दिसतात, पण ती कप छापून देत नाही. दुसरी देते, पण दादा नेमका कपाच्या कानामागे दडतो. तिसरीच्या रंगांत अख्ख्या घराला कावीळ झालेली. चौथीबद्दल लोकांनी लिहिलेलं वाचून माझा धीरच खचला.

आईचं रोज सुरू. "झालं का गं?"

"अगं, तुलना करतेय. घाईत काहीतरीच यायचं."

"तुझ्या लग्नासाठीसुद्धा मी इतकी स्थळं पाहिली नव्हती!"

आज मात्र माझं डोकं फिरलं. "कप, कप काय लावलंयस आई? तोच फोटो एवढा मोठा करून भिंतीवर लावलाय की!"

ती भिंतीकडे वळली आणि बघत राहिली.

"तिथले चेहरे दिसत नाहीत गं आता मला," ती म्हणाली. "कप कसा, चहा पिताना अगदी डोळ्यांपाशी येतो."